सोवळ्यातली लोकर

जव्हारला मिळायची तेवढी घाणेरडी लोकर मी जन्मात दुसरीकडे पाहिली नाही. काळी, राठ, तेलकट, आणि त्यात निम्म्या लेंड्या नि कुसळं. नाशिकला शाळेत बाईंनी आम्हाला विणकाम शिकवलं ते मुंबईहून आलेल्या मऊ, रंगीत लडींवर. इथे लडी नाहीत, लडी विकणारा नाही, सुयासुद्धा नाहीत. मोडक्या छत्रीच्या काड्या पायरीवर घासून मी सुया केल्या. जव्हारच्या पावसात मोडक्या छत्र्यांना तोटा नव्हता. क्रोशाची सुई तेवढी माझी स्वतःची होती. ट्रंकेच्या तळाशी घालून आणलेली.

माझं लग्न झालं तेव्हा मी परकर नेसत होते, आणि नवरा गेला तेव्हाही परकरच नेसत होते. त्याचा चेहरा मला आठवत नाही, खोटं कशाला सांगू. वडील होते तोवर माझ्या डोक्याला कुणी हात लावला नाही. आले-गेले नातेवाईक कुजबुजायचे, वडील ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि मला शाळेत पाठवायचे. ते वारले, तसं काकांनी मला जव्हारला आणलं. काका राजेसाहेबांच्या कचेरीत मोठे कारकून. गावात त्यांच्या सोवळ्याचा दरारा होता. सकाळी पूजेला बसले की वाटेवरून जाणारासुद्धा आवाज खाली करायचा. विधवा पुतणीला आसरा दिला म्हणून लोक त्यांना नावाजत होते, आणि त्या पुतणीच्या डोक्यावर केस आहेत म्हणून तेच लोक त्यांना टोचतही होते. पहिलं त्यांना आवडलं. दुसरं सोसवलं नाही.

मी घरात पाऊल टाकलं त्या दिवशीच काकूंनी खोबरेल तेलाचा बुधला कपाटात घालून कुलूप लावलं. फणीही उचलली. "ज्याला पुढे-मागे जायचंच आहे त्याचं कौतुक कशाला?" म्हणाल्या. स्वयंपाकघरात मला मज्जाव, देवघरात मज्जाव, पिण्याच्या पाण्याला मज्जाव. भांडी घासायला मज्जाव नव्हता, धुणं धुवायला नव्हता, शेण लावायला तर मुळीच नव्हता. वडील गेल्याचं दुःख होतंच, त्यात मी आगीतून फुफाट्यात पडले होते.

म्हणून मी लोकर धरली. दुपारी काका कचेरीत, काकू आडव्या झालेल्या. मागच्या पडवीत मी आणि टकळी. टकळी म्हणजे काय, बांबूची काडी आणि खाली करवंटीची चकती, मीच केलेली. लोक म्हणतात कातण्याने मन शांत होतं. माझं झालं नाही. मी प्रत्येक गिरकीला कुणाला ना कुणाला शिव्या घालत असे, आणि सूत चांगलं निघे.

लोकर आणून द्यायची मोळीवाली. ही साखरशेतच्या पाड्यावरची. डोक्यावर लाकडं घेऊन यायची, आणि भाद्रपद सरत आला की मोळीत लोकरीचं गाठोडं खुपसलेलं असायचं. वरचे धनगर मोखाड्याच्या अंगाने मेंढ्या घेऊन खाली उतरायचे, लवकर येणारा हळवा भात निघालेल्या खाचरांत कळप बसवायचे. शेताला खत मिळे, धनगरांना भात मिळे. लोकर कातरून झाली की पायाखाली पडलेले पुंजके ही बाई गोळा करी आणि माझ्या गळ्यात मारी. बदल्यात मी तिला माझं जुनेर देत असे.

"अगं, ह्यात लोकर कमी आणि लेंड्याच जास्त आहेत," मी एकदा तिच्या अंगावर ओरडले.

"मंग? मेंढ्या काय आंघोल करून येत नाय, बाय," ती म्हणाली, आणि जुनेर उजेडाकडे धरून बघत बसली. "ह्ये पन फाटकाच हाय. तू काय मला पैठनी देतेस?"

तिची नि माझी दर खेपेला जुंपायची. मला ते आवडायचं. त्या अख्ख्या गावात माझ्याशी बरोबरीने भांडणारी ती एकच बाई होती. बाकीचे कीव करायचे किंवा लांबून जायचे.

एकदा तिने मला सरळ विचारलं, "तुजा नवरा मेला, मंग दुसरा का नाय करीत? आमचे पाड्यात करतात."

"आमच्यात नाही करत."

"मंग काय करतात?"

"केस काढतात."

ती हसली. थट्टा करतेय असं वाटलं तिला. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसू आवरलं, मोळी उतरवली आणि न भांडताच गेली. मला तिचा भयंकर राग आला.

ती लोकर मी रिठ्याच्या पाण्यात धुवायची, वलणीवर वाळत घालायची. वाळायची नाही. जव्हारच्या हवेत गणपती बसल्यापासून दसऱ्यापर्यंत काही म्हणून वाळत नाही. ओलसर लोकरीला मेंढ्यांचा जो वास सुटतो तो सगळ्या पडवीत भरून राही, आणि काकू नाकाला पदर लावून माझ्यावर तोंड टाकत. मग बोटांनी पिंजायची, लाकडी फणीने विंचरायची. ही फणी मोळीवालीने कुठूनशी आणून दिलेली, लांब दातांची. काकूंनी माझी फणी घेतल्यावर मी केसही तिनेच विंचरू लागले. लोकरीचा तेलकटपणा त्या फणीला लागलेला असे, त्यामुळे खोबरेलाचीही तशी गरज राहिली नाही. काकूंना वाटे, हिचे केस तेलावाचून चमकतात तरी कसे! कपाटाचं कुलूप त्यांनी दोनदा बदललं.

दुसऱ्या वर्षी पितृपक्षात काकांच्या पूजेच्या आसनाला कसर लागली. लोकरीचं जुनं आसन, त्यांच्या वडिलांपासूनचं. उचललं तर त्याचा भुगा पडला. तेव्हा काकांना माझी आठवण झाली. पडवीच्या दाराशी उभे राहून, माझ्याकडे न बघता, टकळीकडे बघत ते म्हणाले, "ही लोकर घरीच कातलेली ना? गिरणीची नव्हे?"

"घरीच."

"मग नवं आसन करून ठेव. घटस्थापनेला लागेल."

मी म्हटलं, "माझ्या हातचं चालेल?"

"लोकरीला विटाळ नसतो," काका म्हणाले, आणि गेले.

हे खरंच आहे. आमच्यात सुती कापडाला कुणी शिवलं की ते ओवळं होतं, पण लोकर कायमची सोवळी. लहान मुलांना म्हणूनच लोकरीची धाबळी नेसवून पंगतीत बसवतात. हे मला काही नवं नव्हतं. पण माझ्या हातचं पाणी नको, भात नको, आणि माझ्या हातचं आसन मात्र देवासमोर मांडायला चालतं, हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी मी आसन केलं. का केलं म्हणाल तर मला हात भरून काम हवं होतं. जाड सूत, दुहेरी पीळ, क्रोशाने मधून सुरू करून गोल वाढवत नेलेलं. मग चार बाजूंना कोपरे काढले. ते उत्तम झालं होतं. आणि टोचतही होतं. एवढी राठ लोकर कोण मऊ करणार?

काकांना टोचलं. "हे बोचतंय गं," ते पहिल्या दिवशी देवघरातून म्हणाले. पण आल्यागेल्याला दाखवायचे, "घरी कातलेली. बाजाराचा हात नाही." नवरात्रात कचेरीतली माणसं तीर्थाला आली तेव्हा त्या आसनाची तारीफ झाली. ते कुणी केलं हे कुणी विचारलं नाही, काकांनी सांगितलं नाही.

दसऱ्याला जव्हारची मिरवणूक मोठी. सगळं गाव राजवाड्याकडे लोटलं होतं. काका परत आले, घरात सगळ्यांना सोनं दिलं, आणि मला पडवीत येऊन म्हणाले, "तुळशीच्या लग्नाला आपल्याकडे पंगत आहे. कचेरीतली झाडून सगळी मंडळी येतील. तीर्थ घेतात ते देवाचं; पण सकेशा विधवा घरात असताना ती पानावर बसणार नाहीत. दिवाळी झाली की न्हाव्याला बोलावतो. तयारी ठेव."

आपट्याचं पान त्यांनी मला दिलंच नाही.

त्या रात्री मी जेवले नाही. कुणाला ते कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी काकू लाह्या निवडत होत्या तिथे जाऊन मी उभी राहिले. मला वाटलं, बाई आहे, निदान बाईशी बोलून बघावं. गयावया करायची असं ठरवून गेले होते. तोंडातून भलतंच निघालं.

"काकू, लोकर म्हणजे मेंढीचे केसच ना? मेंढीचे केस देवापुढे चालतात. माझे का नाही चालत?"

काकूंनी वर पाहिलंसुद्धा नाही. "मेंढीनं नवरा खाल्लेला नसतो," त्या म्हणाल्या.

मला आजवर कुणी मारलं नाही असं नाही. पण ते वाक्य बसलं तसं काही बसलं नाही. इतक्या वर्षांनीही ते आठवलं की हाताच्या मुठी वळतात. काकू आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मला जमत नाही.

पडवीत येऊन मी फणीतली माझी गुंतवळ काढली. चांगली मूठभर होती. म्हटलं, थांबा, ह्यांना दाखवते. लोकरीत गुंतवळ मिसळायची, दोन्हींचं एक सूत काढायचं, आणि त्या सुताचं काहीतरी करून देवघरात नेऊन ठेवायचं. लोकर काळी, माझे केस काळे. पण केसाचं सूत होत नाही हो. लोकर लोकरीला धरून राहते. माणसाचा केस गुळगुळीत, पीळ दिला की दुसऱ्या टोकाने सटकन बाहेर. सगळी दुपार मी घालवली. टकळीवर लोकर राहिली आणि केस माझ्या मांडीवर पडले. शेवटी गुंतवळ परसात नेऊन पुरली आणि तिथेच बसून रडले. माझं रागवणंसुद्धा धड होत नव्हतं.

दिवाळी आली नि गेली. मी काही केलं नाही. पळून कुठे जाणार? मोखाड्याकडे गेले तर रान, खाली गेले तर रान, आणि नाशिकला आता माझं कोण होतं? मी विणत राहिले. कोणासाठी, काय, ते ठाऊक नाही. टाके घालायचे आणि उसवायचे. मोळीवाली आली तेव्हा मी तिला सांगितलं, आता लोकर आणू नकोस. तिने कारण विचारलं नाही. तिला कळलं असावं, कारण जाताना तिने जुनेर मागितलं नाही.

तुळशीच्या लग्नाच्या, म्हणजे कार्तिकी बारशीच्या, दोन दिवस आधी सकाळी न्हावी आला. मागच्या परसात फणसाखाली धोकटी ठेवून बसला. काकूंनी मला सांगितलं, "चल, ऊन चढायच्या आत होऊन जाऊ दे." हातात त्यांच्या विधवेचं लाल आलवण होतं, नवं कोरं, घडी न मोडलेलं. ते आधीच आणून ठेवलेलं होतं. मला त्या लुगड्याने जास्त भीती वाटली. वस्तरा एकदा फिरेल आणि निघून जाईल. ते लुगडं मरेपर्यंत अंगावर राहणार होतं.

"काकांच्या पाया पडून येते," मी म्हटलं. ह्याला काकूंना नाही म्हणता येईना.

देवघराच्या उंबऱ्याबाहेर मी उभी राहिले. काका सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून त्या आसनावर बसलेले. समोर देव, हातात पळी. माझी चाहूल लागताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी हळू आवाजात म्हटलं, "काका, आसन टोचतं ना तुम्हाला?"

त्यांनी पळीने देवावर पाणी सोडलं. पूजेत बोलायचं नाही.

"ते माझे केस टोचतात. लोकरीत माझी गुंतवळ कातलीये. फणी एकच आहे ना, लोकरीची आणि माझी. नवरात्रापासून तुम्ही त्यावर बसता. त्यावर बसून तुम्ही कचेरीतल्या सगळ्यांच्या हातावर तीर्थ घातलंत."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. तिथे उभी राहिल्यावर सुचलं. आणि बोलताना मला कळलं की हे खोटं कुणाला पकडता येणार नाही, कारण कातण्यातलं ह्या घरात कुणाला काही म्हणजे काही कळत नाही.

काकांच्या हातातली पळी ताम्हनात पडली. "खोटं बोलतेस," ते म्हणाले. पूजेत बोलले.

"उसवून बघा. काळ्यात काळं आहे, उन्हात न्यावं लागेल. अंगणात बसा उसवत. काकू विचारतील, न्हावी बघेल. त्याची जीभ गावभर फिरते, ती तुम्हाला माहीतच आहे."

"चांडाळणी!"

"न्हावी परसात बसलाय. मी जाते आणि त्याच्यापुढे बसते. पण पहिला केस पडला की मी ओरडून सांगणार. तुमच्या घरी तीर्थ घेतलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन."

काका आसनाकडे बघत राहिले. काठावरून त्यांनी बोट फिरवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. त्यांची मान ताठ होती, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात; इथे उलटं झालं, तोंड बंद झालं. शेवटी त्यांनी परसाकडे हाक मारली, "अगं ए, न्हाव्याला परत पाठव. आज दिवस बरा नाही."

काकू धावत आल्या. "अहो, कालच तर तुम्ही पंचांग पाहिलंत!"

"मी सांगतोय ना!" काका इतके ओरडले की न्हावी आपण होऊनच उठला.

तुळशीच्या लग्नाला, तापामुळे न्हाव्याचं राहून गेलं असं लोकांना सांगून, मला मागच्या खोलीत कोंडून घातलं. बाहेरून आचारी आणले. माणसं जेवली, मंगलाष्टकं झाली, हसण्याचे आवाज येत होते. मी आत बसून विचार करत होते की आता पुढे काय. मी मूर्ख नव्हते. काकांनी काय करावं हे मलासुद्धा दिसत होतं. आसन कोणाच्या नकळत पुरायचं, पंचगव्य घ्यायचं, दोन दिवस उपास, नवं जानवं, आणि मग शांतपणे पुन्हा न्हाव्याला निरोप. सोवळ्याची चाड असलेला माणूस दुसरं काय करील? आसन एकदा गेलं की माझ्या हातात काही राहणार नव्हतं. मग माझ्या ओरडण्यावर कोण विश्वास ठेवतो!

पंगती उठल्या, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पडवीतून देवघराकडे डोळे लावून बसले. काका आंघोळ करून आले. मुकटा नेसलेला. आसन त्यांनी उचललं, हातात धरलं. मला वाटलं, गेलं. माझे हात आपोआप केसांकडे गेले.

काकांनी ते आसन झटकलं, नेहमीच्या जागी पसरलं, आणि त्यावर बसले.

त्याच्या पुढच्या दिवशीही बसले. पंचगव्य घेतलं नाही. जानवं बदललं नाही. पौषात बसले, होळीला बसले. माझ्या केसांबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही, आणि विधवेने केस ठेवायला शास्त्रात आधार आहे असं आपण होऊनच लोकांना सांगू लागले. गावातली माणसं तीर्थाला येत राहिली. मी अंगणात, त्यांच्या समोर, रोज वेणी घालत असे. काकू धुसफुसत, त्यांना कारण कधीच कळलं नाही.

मी जिंकले असं कुणाला वाटेल. मलाही काही महिने तसं वाटलं. मग एका सकाळी काका त्या आसनावर डोळे मिटून, नाक धरून बसलेले दिसले आणि माझ्या अंगाचा पुन्हा भडका झाला. तो राग माझ्या खोटं बोलण्याचा नव्हता. त्याची मला कधी लाज वाटली नाही. आसनात माझा एकही केस नाही हे मला ठाऊक होतं. त्यांना नव्हतं. त्यांच्या मते ते रोज पहाटे एका सकेशा विधवेच्या केसांवर मांडी घालून देवाला फुलं वाहत होते, आणि चाललं होतं त्यांचं. देवाची भीती नव्हती, धर्माची नव्हती. कचेरीतल्या चार माणसांना कळत नव्हतं, बस्स, तेवढ्यावर त्यांचं सोवळं शाबूत होतं. आणि एवढ्यासाठी, एवढ्याच्यासाठी, ते माझं डोकं भादरायला निघाले होते.